घरामागचा रेडिओ टॉवर आणि देवळाचे शिखर : अमेरिकेत झोनिंगची परवानगी कशी मिळवावी

टाउन हॉलमधल्या एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी, गावाच्या एकाच झोनिंग मंडळापुढे दोन अर्ज येऊ शकतात. पहिला असतो परवानाधारक हौशी रेडिओचालकाचा, म्हणजे हॅमचा, ज्याला परसात सत्तर फुटी टॉवर उभारायचा आहे. दुसरा असतो एखाद्या धार्मिक संस्थेचा, जिला घरांच्या वस्तीत चर्च, मंदिर, मशीद किंवा गुरुद्वारा बांधायचा आहे. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती उंच बांधता येईल हे ठरवणाऱ्या स्थानिक नियमांच्या, दृष्टीने ते सख्खे शेजारी आहेत. दोघांना आसपासच्या घरांपेक्षा जास्त उंची हवी असते, दोघांविरुद्धची हरकत ‘परिसराचे रूप बिघडेल’ याच वाक्याने सुरू होते आणि दोघांच्या पाठीशी केंद्र सरकारचा एकेक नियम उभा असतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर आपल्या झोनिंग कायद्याच्या, म्हणजे प्रकरण ४०-एच्या, एकाच कलम ३ मध्ये धार्मिक इमारतींना आणि हौशी रेडिओच्या अँटेनांना संरक्षण दिले आहे.

हा लेख अमेरिकेत नव्याने घर घेतलेल्या हॅम मंडळींसाठी आणि प्रार्थनास्थळाच्या समितीवर पहिल्यांदाच काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. नियम राज्यागणिक आणि गावागणिक बदलतात, म्हणून येथील तपशिलाची उदाहरणे मुख्यतः न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स येथील घेतली आहेत; कामाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी हाच राहतो.

पहिली पायरी : जमीन कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहा

अमेरिकेत जमीनवापराचे नियम वॉशिंग्टनमध्ये ठरत नाहीत. हा अधिकार राज्यांचा आहे आणि बहुतेक राज्यांनी तो शहर, टाउनशिप किंवा काउंटी यांच्याकडे सोपवला आहे. ओहायोतील क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला आणि ही व्यवस्था देशभर रुळली. आपल्याकडचा विकास आराखडा आणि विकास नियंत्रण नियमावली ज्यांनी हाताळली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. फरक एवढाच की इथे चार-पाच हजार वस्तीच्या गावाचीही स्वतंत्र नियमावली असते आणि रस्त्यापलीकडच्या गावाची नियमावली तिच्याशी जुळेलच असे नाही.

नवखा माणूस सर्वात आधी फसतो तो टपालाच्या पत्त्यामुळे. पत्त्यात ज्या गावाचे नाव आहे त्याच गावाच्या हद्दीत घर असेल याची खात्री नसते, कारण टपाल खात्याच्या हद्दी आणि पालिकेच्या हद्दी वेगवेगळ्या असतात. मालमत्ता कराच्या बिलात कोणत्या पालिकेचा कर लावला आहे ते पाहावे. अर्जही तिथेच करायचा असतो. कोणत्याही शहराच्या हद्दीत न येणारी जमीन बहुधा काउंटीच्या अखत्यारीत असते.

दुसरी पायरी : खरेदीखत आणि सोसायटीचे नियम

आपण ज्याला सोसायटी म्हणतो तिची इथली बहीण म्हणजे होमओनर्स असोसिएशन. घर घेताना सही केलेल्या कागदांत ‘बाहेर कोणतीही अँटेना उभारता येणार नाही’ असे कलम असेल, तर टाउनशिपची परवानगी मिळूनही उपयोग नाही, कारण हा खासगी करार आहे आणि पुढे ज्यांचा उल्लेख येईल ते केंद्रीय नियम सरकारी यंत्रणांना बांधतात, खासगी करारांना नाही. टीव्हीच्या आणि एक मीटरपर्यंतच्या उपग्रह तबकड्यांना संघीय दळणवळण आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, १९९६ च्या नियमाने अशा सोसायट्यांपासून संरक्षण मिळते, त्यामुळे ‘शेजाऱ्याची डिश चालते, मग माझी अँटेना का नाही’ असा प्रश्न पडतो. त्या नियमात हौशी रेडिओ येत नाही. ही उणीव भरून काढणारे विधेयक २०१६ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, परंतु सिनेटमध्ये अडले. म्हणून ज्यांना टॉवर उभारायचा आहे त्यांनी घर पाहतानाच दलालाकडे हे कागद मागावेत, आणि सोसायटी असेल तर सरळ दुसरे घर पाहावे. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित सल्ला आहे.

मंदिरासाठी जमीन घेणाऱ्या समितीने खरेदीच्या करारातच ‘सर्व परवानग्या मिळाल्या तरच व्यवहार पूर्ण होईल’ अशी अट घालून घ्यावी. विकणारा कुरकुर करतो, जास्त पैसे मागतो किंवा मुदत कमी करू पाहतो. तरीही ही अट सोडू नये. भाविकांच्या देणग्यांतून घेतलेली आणि बांधकामाला निरुपयोगी ठरलेली जमीन वर्षानुवर्षे कर भरत सांभाळावी लागते.

तिसरी पायरी : नियमावली स्वतः वाचा

बहुतेक गावांची नियमावली म्युनिकोड किंवा ईकोड३६० यांसारख्या संकेतस्थळांवर मोफत वाचायला मिळते. आधी झोनिंगच्या नकाशात आपला विभाग शोधावा, मग त्या विभागाचे प्रकरण उघडावे आणि तिथे तीन याद्या पाहाव्यात: मुळातच परवानगी असलेले वापर, अटींसह परवानगी असलेले वापर आणि मुख्य वापराला पूरक म्हणून चालणारी बांधकामे. घरामागचा टॉवर तिसऱ्या यादीत बसतो. चर्च किंवा मंदिर बहुतेक वेळा दुसऱ्या यादीत सापडते.

त्यानंतर उंचीची मर्यादा आणि सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायचे अंतर, पाहावे. निवासी विभागात घराची उंची साधारण ३५ फुटांवर थांबते आणि पूरक बांधकामांची त्याहून खाली. इथे घाबरून पुस्तक मिटू नये. ‘उंचीच्या मर्यादेला अपवाद’ असे छोटे कलम बहुतेक नियमावल्यांत कुठेतरी दडलेले असते, आणि चर्चचे मनोरे, धुराडी, ध्वजस्तंभ, कधीकधी अँटेनासुद्धा, त्यात एका दमात मोजलेल्या असतात. मनोऱ्याला सूट आहे आणि शिखराचे नाव नाही असे दिसले, तर झोनिंग अधिकाऱ्याकडून लेखी अर्थनिर्णय मागावा. धर्म बदलला म्हणून मनोऱ्याचा नियम बदलत नाही.

हॅम मंडळींनी ‘टॉवर’ या शब्दाची व्याख्या काळजीपूर्वक वाचावी. अनेक गावांनी मोबाइल कंपन्यांना आवर घालण्यासाठी टॉवरचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि त्याची भाषा इतकी ऐसपैस असते की परसातला हौशी टॉवरही त्यात ओढला जातो. मोबाइल टॉवरसाठी १९९६ च्या दूरसंचार कायद्याचे वेगळे कलम आहे आणि हौशी केंद्राला त्याचा आधारही नाही व बंधनही नाही. आपला अर्ज चुकून त्या खिडकीत गेला तर व्यापारी शुल्क, हमी रक्कम आणि अनावश्यक अहवाल मागितले जातात, म्हणून अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘हे परवानाधारक, बिगरव्यापारी हौशी केंद्र आहे’ असे लिहावे. (गंमत अशी की हेच मोबाइलवाले उंचीची सूट मिळालेल्या चर्चच्या मनोऱ्यांत आपल्या अँटेना लपवतात आणि चर्चला भाडे देतात.)

चौथी पायरी : केंद्रीय नियमांची ढाल कुठवर पुरते ते समजून घ्या

एफसीसीने सप्टेंबर १९८५ मध्ये काढलेला आदेश पीआरबी-१ या नावाने ओळखला जातो आणि त्याचा गाभा आयोगाच्या नियम ९७.१५ मध्ये समाविष्ट आहे. स्थानिक संस्थेने हौशी दळणवळण अशक्य करू नये, त्याला वाजवी वाव द्यावा आणि आपला रास्त हेतू साधण्यापुरतेच किमान निर्बंध घालावेत, असे तो सांगतो. आयोगाने विशिष्ट उंची मात्र ठरवून दिलेली नाही. काही राज्यांनी ती दिली आहे: व्हर्जिनियात चौरस मैलामागे १२० पेक्षा जास्त वस्ती असलेल्या भागात स्थानिक नियम ७५ फुटांखालची मर्यादा घालू शकत नाही, आणि त्याहून विरळ वस्तीत २०० फुटांखालची. आपल्या राज्यात असा कायदा आहे का, हे कनेक्टिकटमधील न्यूइंग्टन येथे मुख्यालय असलेली अमेरिकन रेडिओ रिले लीग सांगते. अशा प्रकरणांत मदत करणाऱ्या स्वयंसेवी वकिलांची यादीही तिच्याकडे असते.

या आदेशाच्या दोन बाजू दोन निकालांतून स्पष्ट होतात. मिनेसोटातील मेंडोटा हाइट्स या शहराने ६८ फुटी अँटेनेचा अर्ज फेटाळला, पण का फेटाळला याचे धड निष्कर्षच नोंदवले नाहीत; १९९४ मध्ये आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने शहराला दोष दिला आणि अर्जाचा विचार करणे, वस्तुस्थितीचे निष्कर्ष काढणे व समाधानकारक तडजोडीचा प्रयत्न करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी असल्याचे सांगितले. याउलट कोलोरॅडोतील बोल्डर काउंटीने खालीवर करता येणारा टॉवर सुचवला होता, अर्जदार स्थिर उंच टॉवरवर अडून बसला, आणि १९९३ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या न्यायालयाने काउंटीची बाजू उचलून धरली. जो तडजोडीची तयारी दाखवत नाही त्याच्या अंगावर हा आदेश उलटतो.

प्रार्थनास्थळांसाठीचा कायदा २२ सप्टेंबर २००० रोजी अमलात आला. वकील मंडळी त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (RLUIPA) त्याला ‘आरलूपा’ म्हणतात. त्याच्या आधीचा इतिहासही एका चर्चच्या बांधकामाचाच आहे. टेक्ससमधील बर्नी या गावात सेंट पीटर चर्चला वाढीव जागा हवी होती, ऐतिहासिक परिसराच्या नियमामुळे गावाने परवानगी नाकारली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा राज्यांना व गावांना लागू करता येणार नाही असे ठरवले. ती पोकळी जमिनीपुरती भरून काढण्यासाठी नवा कायदा आला. धर्माचरणावर भरीव ओझे टाकायचे असेल तर सरकारकडे अत्यंत सबळ कारण हवे आणि त्यासाठी कमीत कमी बंधनाचा मार्ग निवडलेला हवा. सभागृह, क्लब, नाट्यगृह यांना जिथे परवानगी आहे तिथे प्रार्थनास्थळाला त्यांच्यापेक्षा वाईट वागणूक देता येणार नाही. धर्माधर्मांत भेद करता येणार नाही. आणि संपूर्ण गावातून प्रार्थनास्थळांना हद्दपार करता येणार नाही, अशी त्याची ढोबळ मांडणी आहे.

भारतीय वाचकाने कॅलिफोर्नियातील युबा सिटीच्या गुरुनानक शीख सोसायटीचा निकाल जरूर समजून घ्यावा. संस्थेचा पहिला अर्ज निवासी भागातल्या जागेसाठी होता. आवाज आणि रहदारीच्या भीतीने तो फेटाळला गेला. मग संस्थेने सुमारे २९ एकर शेतजमीन घेतली, नियोजन खात्याने सुचवलेली प्रत्येक अट मान्य केली, नियोजन आयोगाने चार विरुद्ध तीन मतांनी मान्यताही दिली; तरी सटर काउंटीच्या मंडळाने वस्तीपासून दूर तुटक विकास होईल हे कारण देऊन ती रद्द केली. वस्तीत नको आणि वस्तीबाहेरही नको, अशा कात्रीत संस्थेला धरणे हे भरीव ओझेच आहे, असा कौल नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने २००६ मध्ये दिला. संस्था जिंकली त्यामागे तिने मान्य केलेल्या त्या सर्व अटींचा मोठा वाटा होता.

घरी दर आठवड्याला भजन किंवा सत्संग भरवणाऱ्यांनाही हा विषय परका नाही. कनेक्टिकटमधील न्यू मिलफर्ड येथे एका घरात दर रविवारी २५ ते ४० माणसे प्रार्थनेला जमत, आणि नात्याबाहेरच्या २५ पेक्षा जास्त माणसांच्या नियमित सभांना गावाने मनाई केली. कुटुंब थेट केंद्रीय न्यायालयात गेले. २००५ मध्ये अपील न्यायालयाने आधी स्थानिक मंडळाकडे दाद मागायला हवी होती, या मुद्द्यावर त्यांचा दावा अकाली ठरवला. ढाल कितीही भक्कम असली तरी अर्ज स्थानिक मंडळापुढेच करावा लागतो, आणि पहिल्याच भेटीत दाव्याची धमकी देणाऱ्या अर्जदाराला मंडळाचे लोक फार मनापासून ऐकत नाहीत.

पाचवी पायरी : नेमकी गरज आकड्यांत मांडा

मंडळाला ‘जमेल तितकी उंची’ हे उत्तर चालत नाही. वीस मीटर बँडवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपास, आडवी अँटेना जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर, सुमारे ३५ फुटांवर, असेल तर तिचा मुख्य झोत क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर जातो. एका पूर्ण तरंगलांबीवर, सुमारे ७० फुटांवर, नेली तर तो १५ अंशांच्या खाली उतरतो. न्यू जर्सीहून साडेबारा हजार किलोमीटरवरच्या पुण्याशी बोलायचे तर नीच कोनातली ऊर्जाच कामाला येते. हे दोन आकडे आणि एक आलेख एका पानावर मांडला की ‘पस्तीस फुटांत का भागत नाही’ या प्रश्नाला उत्तर मिळते. त्यासोबत खालीवर होणारा टॉवर वापरात नसताना किती फुटांवर राहील, तेही लिहावे.

प्रार्थनास्थळाच्या बाबतीत खरी लढाई पार्किंगची असते, आणि आपल्या मंदिरांचे नुकसान इथे नकळत होते. जुन्या नियमावल्या बाकड्यांवरच्या आसनांची संख्या मोजून गाड्यांच्या जागा ठरवतात, उदाहरणार्थ दर तीन आसनांमागे एक. आपल्याकडे सतरंजीवर बसतात, मग आसने मोजायची कशी? अशा वेळी अधिकारी इमारत संहितेतल्या माणशी क्षेत्रफळाकडे वळतात. २,१०० चौरस फुटांच्या सभामंडपाला दाटीने मांडलेल्या खुर्च्यांचा दर, म्हणजे माणशी ७ चौरस फूट, लावला तर क्षमता ३०० होते आणि १०० गाड्यांची जागा लागते. टेबल-खुर्च्यांचा दर, म्हणजे माणशी १५ चौरस फूट, लावला तर क्षमता १४० होते आणि ४७ जागांत भागते. मधल्या ५३ जागांना वळणाच्या रस्त्यासकट एक तृतीयांश एकराहून अधिक जमीन लागते, आणि तेवढ्या डांबरावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी वेगळे तळे खोदावे लागते. म्हणून नकाशा काढण्याआधीच कोणता दर लागू होईल ते अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे, आणि गावातल्या आधीच्या चर्चना कोणता दर लावला होता ती जुनी ठरावपत्रे माहिती अधिकाराच्या अर्जाने मागवून जवळ ठेवावीत.

ही पत्रे किती मोलाची ठरू शकतात हे न्यू जर्सीतील बर्नार्ड्‌स टाउनशिपमध्ये दिसले. तिथल्या इस्लामिक सोसायटी ऑफ बास्किंग रिजच्या मशिदीने ५० जागा दाखवल्या होत्या. टाउनशिपने चर्चना दर तीन माणसांमागे एक असा दर लावला असताना मशिदीकडे १०७ जागा मागितल्या. जवळपास चार वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या आणि २०१५ च्या डिसेंबरात अर्ज फेटाळला गेला. २०१६ च्या अखेरीस न्यायालयाने हा वेगळा मापदंड बेकायदा ठरवला आणि २०१७ मध्ये टाउनशिपने ३२.५ लाख डॉलरवर तडजोड केली.

गर्दीचा आकडा लपवू नये. एरवीच्या रविवारी ८० माणसे येत असतील आणि गणेशोत्सवात ६००, तर दोन्ही लिहावेत आणि उत्सवाच्या दिवसांसाठी वेगळी व्यवस्था दाखवावी: जवळच्या शाळेचे मैदान भाड्याने घेणे, तिथून बस सोडणे, वाहतुकीसाठी पोलिसांची नेमणूक. शेजारी समाजमाध्यमांवरचे ढोल-ताशांचे व्हिडिओ घेऊन सुनावणीला येतात, त्यामुळे लपवलेला आकडा तिथेच उघडा पडतो आणि पुढचा एकही आकडा कोणी खरा मानत नाही.

शिखराच्या उंचीत कळस आणि ध्वज धरले आहेत की नाहीत ते नकाशावर स्पष्ट लिहावे. शिखर ‘गरजेचे’ आहे का, या प्रश्नाला मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बेलमाँट येथील मॉर्मन मंदिराच्या मनोऱ्याच्या खटल्यात नेमके उत्तर दिले: एखादे वास्तुवैशिष्ट्य त्या धर्माला आवश्यक आहे की नाही हे ठरवणे न्यायाधीशांचे काम नाही. अर्थात त्या राज्यातही उंची, आकारमान, सेटबॅक आणि पार्किंग यांबाबत वाजवी नियम लागू होतातच.

सहावी पायरी : शेजारी आणि अधिकारी

झोनिंग अधिकाऱ्याला जरूर भेटावे. प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ईमेलने पक्की करून घ्यावीत. मंडळाच्या सदस्यांना मात्र खासगीत भेटू नये. आपल्याकडे काम अडले की नगरसेवकाला गाठायची सवय असते, पण इथे हे मंडळ अर्धन्यायिक असते, आणि सुनावणीबाहेर एखाद्या सदस्याशी अर्जाबद्दल बोलल्यास त्याला मतदानातून बाजूला व्हावे लागू शकते. जे मत आपल्या बाजूने पडले असते तेच अशाने जाते.

शेजाऱ्यांना नोटीस मिळण्याआधी भेटावे. टॉवरबद्दल ते तीन गोष्टी विचारतात. पडला तर काय, याला अभियंत्याचे पत्र हे उत्तर आहे. पाया, वाऱ्याचा भार आणि हद्दीपासूनचे अंतर त्यात असते. आमच्या टीव्हीत व्यत्यय येईल का, हा विषय कायद्याने एफसीसीच्या अखत्यारीत आहे आणि स्थानिक मंडळ त्यावर निर्णय देऊ शकत नाही, पण शेजाऱ्याला हे कलम ऐकवण्यापेक्षा ‘काही जाणवले तर मला फोन करा, मी फिल्टर बसवून देतो’ असे सांगणे शहाणपणाचे. किरणोत्साराची भीती असेल, तर हौशी केंद्रांना आता करावेच लागणारे रेडिओलहरींच्या पातळीचे मूल्यमापन छापून सोबत न्यावे. घरात लहान मुले असलेले शेजारी चौथा प्रश्न विचारतील, तेव्हा टॉवरच्या तळाशी चढता येऊ नये म्हणून बसवायच्या पत्र्यांचे चित्र दाखवावे.

सातवी पायरी : अर्ज आणि नोटीस

न्यू जर्सीत अर्ज पूर्ण आहे की नाही हे पालिकेला ४५ दिवसांत ठरवावे लागते. शुल्काखेरीज एस्क्रो नावाची रक्कम भरावी लागते आणि मंडळाच्या अभियंत्याची व नियोजनकाराची बिले तिच्यातून, म्हणजे आपल्याच खिशातून, जातात. समितीच्या अंदाजपत्रकात हा आकडा सहसा विसरला जातो. २०० फुटांच्या आतील सर्व मालमत्ताधारकांची प्रमाणित यादी पालिकेकडून घेऊन त्यांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती जाहीरपणे प्रसिद्धही करावी लागते. नोटिशीत मागणीचे स्वरूप साध्या शब्दांत असावे. ती सदोष ठरली तर मंडळाला अर्ज ऐकण्याचा अधिकारच राहत नाही आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, म्हणून रजिस्टर टपालाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

टॉवर २०० फुटांहून उंच असेल किंवा विमानतळाजवळ असेल तर विमान वाहतूक प्रशासनाला कळवावे लागते. घरगुती टॉवर सहसा त्या उंचीपर्यंत जात नाही, पण धावपट्टी जवळ असेल तर एफसीसीच्या टोवेअर या साधनावर एकदा तपासून घ्यावे.

आठवी पायरी : सुनावणी

हॅम स्वतःचा अर्ज स्वतः मांडू शकतो. नोंदणीकृत संस्थेला न्यू जर्सीत वकील नेमावाच लागतो, आणि जमीनवापराचेच काम करणारा वकील घ्यावा. ओळखीतला इमिग्रेशनवाला चालत नाही. साक्ष शपथेवर होते, शेजारी उलटतपासणी घेऊ शकतात आणि सारे ध्वनिमुद्रित होते. पुढे न्यायालयात गेल्यास तिथे बहुधा हीच नोंद वाचली जाते, नवा पुरावा घेतला जात नाही. म्हणून अभियंता, रहदारीतज्ज्ञ आणि नियोजनकार यांचे म्हणणे या खोलीतच नोंदवून घ्यावे. विरोधकांनी सह्यांचा गठ्ठा आणला तर विचलित होऊ नये, कारण सही करणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही आणि तो पुरावा धरला जात नाही; आपल्या बाजूनेही सह्या गोळा करण्यात वेळ घालवू नये. दीडशे भाविकांना खोलीत बसवण्यापेक्षा, ‘आमच्या शेजारच्या चर्चचा आम्हाला त्रास होत नाही’ असे सांगणारा एक बिगरभारतीय रहिवासी जास्त उपयोगी पडतो. हे बरे वाटत नाही, पण वस्तुस्थिती आहे.

मते किती लागतात ते आधी मोजावे. न्यू जर्सीत मुळातच परवानगी नसलेल्या वापरासाठी, किंवा मुख्य इमारतीची उंची मर्यादेच्या १० फूट वा १० टक्क्यांहून पुढे जात असल्यास, सात जणांच्या मंडळातली पाच मते लागतात. एखाद्या रात्री पाचच सदस्य हजर असतील तर एका नकारानेही अर्ज पडतो. अशा वेळी पुढची तारीख मागून घेणे उत्तम, आणि अशी विनंती सहसा मान्य होते. त्या राज्यातील न्यायालये प्रार्थनास्थळाला स्वभावतः हितकारक वापर मानतात, त्यामुळे समितीची बाजू थोडी हलकी होते, तरी रहदारी आणि पाण्याच्या निचऱ्याचे उत्तर द्यावेच लागते.

मंडळ अटी सुचवील तेव्हा घाईने मान हलवू नये. ‘बाहेर ध्वनिक्षेपक लावणार नाही’ ही अट एका वाक्यात मान्य होते, पण ती जमिनीला चिकटते आणि वीस वर्षांनंतरच्या समितीलाही बांधते. ढोल-ताशा पथकाचा सराव, पालखी, अंगणातला होम यांचा विचार करून ‘वर्षातून ठरावीक दिवस, रात्री ९ पर्यंत’ अशा शब्दांत ती घासूनपुसून घ्यावी. महाप्रसादाच्या स्वयंपाकघराला आरोग्य खात्याची वेगळी परवानगी लागते. तिचा या मंडळाशी संबंध नाही.

नववी पायरी : निर्णयानंतर

तोंडी मतदान झाले म्हणजे काम झाले असे नाही. न्यू जर्सीत निर्णय लेखी ठरावाच्या रूपात येतो आणि त्याची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत कोणीही न्यायालयात आव्हान देऊ शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये टाउन क्लार्ककडे निर्णय दाखल झाल्यापासून ही मुदत २० दिवसांची आहे. या मुदतीत टॉवरच्या पायाचे काँक्रीट ओतू नये आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कमही देऊ नये. मॅसॅच्युसेट्समध्ये स्पेशल परमिट (अटींसह परवानगी) किंवा व्हेरियन्स (नियमातून दिलेली सूट) काउंटीच्या रजिस्ट्री ऑफ डीड्‌समध्ये नोंदवल्याशिवाय लागूच होत नाही. व्हेरियन्स एका वर्षात वापरला नाही तर संपतो आणि स्पेशल परमिटला जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. निधी गोळा होण्यास वेळ लागणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी करावा. बांधकाम परवाना वेगळा असतो. तो इमारत निरीक्षकाकडे मागावा लागतो, आणि झोनिंगच्या ठरावाची नोंदवलेली प्रत त्या अर्जाला जोडावी लागते.